बोलकी पाटी आणि ‘नको’चे बटण

उद्या मधल्या सुट्टीत एक प्रयोग करून पाहा. एका पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखा आणि त्यांत दहा चित्रे काढा: पाणी, डबा, स्वच्छतागृह, चेंडू, पुस्तक, आई, घर, बस, बिस्कीट आणि झोप. आता अर्धा तास तोंडाने एक शब्दही बोलायचा नाही, लिहायचे नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. जे काही सांगायचे ते या चित्रांवर बोट ठेवूनच. सहकाऱ्यांना मात्र आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर गैरसमज व्हायचे.

पहिली पाच मिनिटे मजेत जातील. पाणी मागता येईल, बिस्कीट मागता येईल. मग कोणीतरी चहा पुढे करील आणि त्यात साखर जास्त असेल. सांगणार कसे? शेजारचे सर म्हणतील, “आज बाईंची झोप झालेली दिसत नाही.” झोप तर चांगली झालेली आहे, पण तुमच्याजवळ फक्त ‘झोप’चे चित्र आहे, त्यावर बोट ठेवाल तर त्यांचेच म्हणणे खरे ठरेल. खिडकीतून ऊन तोंडावर येते आहे, कोणी खुर्ची ओढताना कर्कश आवाज करते आहे, हे सांगायला चित्रच नाही. शेवटी तुम्ही कप जरा जोरात बाजूला साराल, आणि कोणी म्हणेल, “आज बाई चिडलेल्या आहेत.”

बोलता न येणाऱ्या अनेक स्वमग्न मुलांच्या हाती मोठ्या माणसांनी असाच दहा-वीस चित्रांचा पुठ्ठा दिलेला असतो. अलीकडे पुठ्ठ्याच्या जागी टॅब्लेट आला आहे. टॅब्लेट म्हणजे पाटीच. ही पाटी चित्रावर बोट ठेवले की बोलते. ती कशी चालते, तिचा उपयोग होतो असे कशावरून म्हणायचे, आणि तिच्यावर कोणते शब्द असायला हवेत, ते आपण पाहू.

न बोलणे म्हणजे काय

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. मूळ शब्दाचा अर्थही तसाच. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरला आणि १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना उचलला. मला स्वतःला हा शब्द थोडा अन्यायकारक वाटतो. मूल स्वतःत मग्न आहे, त्याला आपल्याशी काही बोलायचेच नाही, असे त्यातून ध्वनित होते. अशी मुले वर्गात ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटणार नाही. आपला हात धरून कपाटापर्यंत ओढत नेणारे मूल काहीतरी सांगतच असते.

स्वमग्नता हा आजार नाही. मेंदूची घडण वेगळी असण्याचा तो परिणाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. त्यांतले कित्येक जण उत्तम बोलतात, काही तर आपल्या आवडीच्या विषयावर थांबतच नाहीत. मात्र सुमारे ३० टक्के मुले शाळेच्या वयात आली तरी बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द बोलतात. कॅनर यांच्या ११ मुलांतही ८ बोलणारी आणि ३ न बोलणारी होती.

बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई आपण शिक्षक फार करतो. बोलण्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागतात ते पाहा. शब्द आठवला पाहिजे, ओठ-जीभ-श्वास यांची हालचाल सेकंदाच्या अंशात जुळली पाहिजे, समोरचा कधी थांबला हे कळले पाहिजे, आणि हे सगळे चालू असताना पंख्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे आणि मानेला टोचणारी गणवेशाची पट्टी यांच्याकडे दुर्लक्ष करता आले पाहिजे. यातला एक दुवा निसटला तरी बोलणे अडते. काही मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात. “चहा घेणार का?” असे मूल स्वतःच म्हणत आईपाशी आले, तर त्याचा अर्थ बहुधा “मला चहा हवा आहे” असा असतो. जिथे चहा मिळाला तिथे हे वाक्य ऐकू आले होते, म्हणून त्याने ते जपून ठेवलेले असते.

उच्चारलेला शब्द हवेत विरून जातो. चित्र तसे विरत नाही. ते समोर थांबते, त्याच्याकडे पुन्हा पाहता येते. शिवाय शब्द मनातून शोधून काढण्यापेक्षा समोर मांडलेल्यांतून ओळखणे सोपे असते. परीक्षेतला गाळलेल्या जागा भरण्याचा प्रश्न आणि पर्याय दिलेला प्रश्न यांत मुलांना कोणता सोपा जातो, ते आपल्याला ठाऊकच आहे.

पुठ्ठ्यापासून पाटीपर्यंत

चित्रांनी बोलण्याची कल्पना टॅब्लेटच्या कितीतरी आधीची. १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रे देण्या-घेण्याची एक पद्धत तयार केली. तिच्यातली युक्ती साधी पण मार्मिक होती. मुलाने चित्रावर नुसते बोट ठेवायचे नाही. चित्राचे कार्ड उचलून समोरच्या माणसाच्या हातात द्यायचे. बोट तर कोणी नसतानाही ठेवता येते. कार्ड द्यायचे तर माणूस शोधावा लागतो, त्याच्यापर्यंत जावे लागते. संवादाला दोघे लागतात, ही गोष्ट मुलाला त्या कृतीतूनच कळते.

कार्डे हरवतात, फाटतात, आणि शब्द वाढले की त्यांचे बाड होते. बोलणारी यंत्रेही तेव्हा होती, पण ती खास याच कामासाठी बनवलेली, जड आणि काही हजार डॉलर किमतीची. श्रीमंत देशांतही ती विमा कंपनीच्या किंवा सरकारच्या मदतीशिवाय घेणे कठीण असे.

२००९ साली ॲमस्टरडॅमच्या असिस्टिव्हवेअर या कंपनीने ‘प्रोलोक्वोटूगो’ नावाचे ॲप आयफोनसाठी आणले. किंमत दोनशे डॉलरच्या आत. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, आयपॅड बाजारात आला; त्याची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत होती. दोन्ही मिळून जुन्या यंत्रांच्या मानाने खर्च फारच कमी झाला. दुसराही एक बदल झाला, तो पैशांत मोजता येत नाही. जुने यंत्र गळ्यात अडकवलेला मुलगा लांबूनच वेगळा दिसे. टॅब्लेट तर सगळ्यांच्याच हातात होते.

आपल्याकडे साधारण याच काळात चेन्नईत अजित नारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आवाज’ हे बोलके यंत्र तयार केले. मेंदूच्या पक्षाघातामुळे बोलता न येणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या विद्यासागर या संस्थेशी त्यांचा संबंध होता, आणि यंत्राची सुरुवात त्याच मुलांच्या गरजेतून झाली. पुढे ‘आवाज’ हे टॅब्लेटवरचे ॲप झाले आणि स्वमग्न मुलांकडे मोठ्या प्रमाणावर गेले. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागाने ‘जेलो’ नावाचे ॲप तयार करून विनामूल्य उपलब्ध केले. ते अँड्रॉइडवर चालते आणि मराठीतही आहे, म्हणून आपल्या शाळांच्या दृष्टीने ते जवळचे.

जेलोचा पडदा डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी नऊ विषयांची चित्रे असतात: खाणे, खेळ, माणसे, जागा, मदत असे विषय. दोन्ही कडांना मिळून सहा बटणे असतात: आवडते, हो, अजून हवे, आणि त्यांच्या समोर नावडते, नाही, कमी हवे. मुलाने ‘खाणे’ उघडून पोळीच्या चित्रावर बोट ठेवले आणि मग कडेचे एखादे बटण दाबले, की त्या पदार्थाविषयीचे तयार वाक्य यंत्र मोठ्याने बोलते. तेच बटण पुन्हा दाबले की भावनेचा जोर वाढतो. नुसत्या ‘पोळी’ या एका चित्रातून अशी बरीच वाक्ये निघतात. मला या रचनेतली ती सहा बटणे सर्वांत महत्त्वाची वाटतात. पदार्थांची नावे कोणीही देईल. त्या पदार्थाविषयी मत देण्याची सोय अगदी पहिल्या पडद्यावर, कायमची, हाताशी ठेवलेली आहे.

प्रोलोक्वोटूगो किंवा आवाज यांसारख्या ॲपमध्ये पद्धत वेगळी. तिथे एकेक शब्द दाबत जायचे, ते वरच्या पट्टीत ओळीने जमतात, आणि शेवटी पट्टीवर बोट ठेवले की पूर्ण वाक्य वाजते. तयार वाक्याने चटकन बोलता येते. शब्द जोडायला वेळ लागतो, पण त्यातून पूर्वी कोणीच न केलेले वाक्य करता येते.

दोन्हीकडे एक पथ्य मात्र सारखेच पाळावे लागते. एकदा ठरलेली बटणांची जागा बदलायची नाही. सायकल चालवताना ब्रेक कुठे आहे हे आपण पाहत नाही, हात आपोआप तिथे जातो. रोज पाडीत असलेल्या वाटेने बोटही तसेच शिकते. चित्रे नीटनेटकी दिसावीत म्हणून एखाद्या उत्साही शिक्षकाने रविवारी बसून सगळी मांडणी बदलली, तर सोमवारी मूल मुके होते.

कोणते शब्द?

इथे मराठीचा प्रश्न येतो, आणि त्यावर जरा थांबले पाहिजे.

मुलाला पहिले शब्द कोणते द्यायचे असे विचारले, तर आपण भराभर नामे सांगतो: आंबा, गाय, चेंडू, विमान. पण माणसे प्रत्यक्षात कोणते शब्द वापरतात ते मोजून पाहिले तर चित्र निराळे दिसते. इंग्रजीत झालेल्या मोजणीनुसार दोनशे ते चारशे शब्द रोजच्या बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात, आणि त्यांत नामे फार कमी असतात. दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या बोलण्याची एक मोजणी २००३ साली प्रसिद्ध झाली. सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या शब्दांच्या त्या यादीत एकही नाम नव्हते. होते ते मी, नाही, माझे, हवे, हे, ते, जा, काय, इथे, अजून, मदत, संपले अशा अर्थांचे शब्द. कारण उघड आहे. ‘आंबा’ आंब्याच्या वेळीच चालतो. ‘अजून’ मात्र आंबा, झोका, गोष्ट, गुदगुल्या सगळ्यांना चालतो.

मराठीसाठी अशी यादी इंग्रजीचे भाषांतर करून मिळणार नाही. इंग्रजी पाटीवर तीन बटणे ओळीने दाबून ‘मी-हवे-पाणी’ अशा क्रमाने बरोबर वाक्य होते. मराठीत ते होत नाही, कारण आपल्याकडे ‘मला’ पाणी हवे असते. इंग्रजीच्या एका ‘मी’साठी मराठीला मी, मला, माझे अशी तीन बटणे तरी लागतात. पुढे क्रियापद आले की लिंग येते: मुलगा ‘मी थकलो’ म्हणणार, मुलगी ‘मी थकले’. भावाचा टॅब्लेट बहिणीला दिला आणि हे बदलायचे राहिले, तर ती दिवसभर मुलासारखी बोलते.

आणि नकार. इंग्रजीतल्या एका शब्दासाठी आपल्याजवळ नाही, नको, नये असे निरनिराळे शब्द आहेत. भाषांतर केलेल्या पाटीवर बहुतेक वेळा ‘नाही’ येऊन बसते. ‘नाही’ हे वस्तुस्थितीविषयी आहे: डब्यात भाजी नाही. ‘नको’ माझ्याविषयी आहे. ‘भाजी नको’ यात इच्छा आहे. शिवाय तोच शब्द दुसऱ्याला थोपवायलाही चालतो: ‘ढकलू नको’, ‘हात लावू नको’. एका बटणात आपली नावड आणि दुसऱ्याला मनाई, अशी दोन्ही कामे होतात. हा शब्द इतका कामाचा आहे की दख्खनी बोलणाऱ्यांनीही तो ‘नक्को’ करून उचलला. मराठी मुलाच्या पाटीवर एकच शब्द ठेवायची वेळ आली, तर मी ‘नको’ ठेवीन.

हे मी एका प्रसंगावरून म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका शाळेत तिसरीत एक न बोलणारा मुलगा होता. घरच्यांनी खर्च करून टॅब्लेट दिला होता. फुटेल या भीतीने तो मुख्याध्यापकांच्या कपाटात असे आणि मंगळवारी व शुक्रवारी एकेक तास बाहेर निघे. त्या तासाला बाई चित्र दाखवत, “गाय कुठे आहे? दाखव.” मुलगा दाखवी. शाबासकी मिळे. उरलेल्या वेळात तो मनगट चावत असे, आणि सगळे म्हणत, टॅब्लेटने काही फरक पडला नाही.

नव्या आलेल्या बाईंनी दोन गोष्टी केल्या. टॅब्लेटला जाड आवरण आणि पट्टा लावून तो मुलाच्या गळ्यात अडकवला, आणि पहिल्या पडद्यावर नको, अजून, थांब, पुरे, मदत, हे, कुठे असे शब्द आणले. आठवडाभर त्यांनी मुलाला काहीच विचारले नाही. त्या स्वतःच बोलता बोलता त्याच्या पाटीवरची बटणे दाबत राहिल्या: “फळा पुसून झाला, पुरे”, “मला मदत हवी, खडू कुठे?” एके दिवशी पोषण आहाराच्या पंगतीत खिचडी वाढायला ताई आल्या आणि पाटी म्हणाली, “नको.” वाढणाऱ्या ताईंचा हात थांबला. बाईंनी ताट उचलून बाजूला ठेवले. मुलाने ताटाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि परत दाबले, “नको.” त्या दिवशी त्याने पंगतीला, रांगेला, प्रार्थनेला, बूट घालायला, सगळ्याला नको म्हणून पाहिले. बाई काही वेळा मानीत, काही वेळा म्हणत, “नको म्हणालास ते कळले. पण बस आली आहे, जावे लागेल.” मनगट चावणे त्या दिवशी थांबले नाही. दोन महिन्यांत मात्र बरेच कमी झाले. तोवर मनगट चावणे हेच त्याचे ‘नको’ होते.

बोलणे थांबेल का?

पालक जवळजवळ नेहमीच विचारतात की पाटीची सवय लागली तर मूल तोंडाने बोलायचे थांबेल का. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मतांवर न सोडता मोजणीवर सोडलेले बरे.

मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली विकासात अडथळे असलेल्या व्यक्तींवरचे तोवरचे अभ्यास तपासले. त्यांतून काटेकोरपणे केलेले सहा अभ्यास वेगळे काढले. त्यांत २७ जण होते. चित्रे, खुणा किंवा यंत्रे वापरायला लागल्यावर त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नाही. ३ जणांत फरक पडला नाही आणि २४ जणांचे बोलणे वाढले. वाढ बहुधा माफकच होती, हेही सांगितले पाहिजे.

अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ५ ते ८ वर्षांची, फारच थोडे बोलणारी ६१ स्वमग्न मुले त्यात होती. सगळ्यांना खेळातून संवाद शिकवणारे सारखेच उपचार मिळाले. निम्म्या मुलांना त्याबरोबर पहिल्यापासून बोलके यंत्र दिले. सहा महिन्यांच्या त्या अभ्यासात यंत्र मिळालेली मुले आपणहून बोलण्यात पुढे राहिली. इथे एक तपशील महत्त्वाचा: उपचार करणारे स्वतःही त्या यंत्रावरून मुलांशी बोलत होते. नुसते यंत्र देऊन काय झाले असते, ते या अभ्यासावरून सांगता येत नाही.

असे का होत असावे? पाटीवरचा शब्द प्रत्येक वेळी त्याच आवाजात, त्याच सुरात ऐकू येतो, त्यामुळे तो पकडायला सोपा जातो. बोलून दाखवण्याचे दडपणही कमी होते. ही स्पष्टीकरणे पटण्यासारखी आहेत, पण अजून ती अनुमानेच आहेत. एकूणच या विषयातले बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि त्यांतले बहुतेक मुलाने वस्तू मागण्यापुरते मर्यादित आहेत. ‘स्वमग्नता बरी करणारे ॲप’ अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जावे. ॲप आवाज देते. घडण बदलत नाही.

पाटीवर कोण बोलते आहे?

या क्षेत्रात एक मोठी फसगत होऊन गेली आहे, आणि ती शिक्षकांनी ओळखायला हवी. १९९० नंतर अमेरिकेत एक पद्धत झपाट्याने पसरली. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात किंवा मनगट एक साहाय्यक धरी आणि ती व्यक्ती अक्षरांच्या पाटीवर टंकलेखन करी. कधी एक शब्द न बोललेली मुले कविता लिहू लागली, आईवडिलांचे डोळे भरून आले. मग चाचण्या झाल्या. त्यांतली १९९३ ची, न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेत झालेली चाचणी वर्गात समजावून सांगण्यासारखी आहे. मुलाला आणि साहाय्यकाला अशी चित्रे दाखवली की एकाचे दुसऱ्याला दिसू नये. कधी दोघांना एकच चित्र, कधी वेगवेगळी. १२ स्वमग्न व्यक्तींची अशी परीक्षा झाली. चित्रे वेगळी असताना एकीलाही आपल्यासमोरच्या चित्राचे नाव लिहिता आले नाही. अनेकदा लिहिले गेले ते साहाय्यकाला दिसलेल्या चित्राचे नाव.

साहाय्यक खोटे बोलत होते असे नाही. आपणच हात ढकलतो आहोत हे त्यांना खरोखर कळत नव्हते. पण शब्द त्यांचे होते आणि मुलाचे ‘नको’ त्याखाली गाडले जात होते. अमेरिकेतील वाचा व भाषातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली ही पद्धत वापरू नये असे स्पष्ट सांगितले. तिच्या नव्या आवृत्त्या अधूनमधून येत असतात. कधी हात धरण्याऐवजी अक्षरपाटीच साहाय्यक हवेत धरतो. आपण इतकेच पाहावे: पाटी टेबलावर किंवा मुलाच्या गळ्यात आहे ना, बोट त्याचे आणि हालचालही त्याचीच आहे ना, आणि आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट तो सांगू शकतो ना. डब्यात काय आणले हे त्याने सांगावे आणि मग डबा उघडून पाहावा, इतकी साधी चाचणीही पुरते. सुरुवातीला मुलाचे बोट धरून बटण दाखवणे वेगळे. ते आपण शिकवतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असते, आणि तो आधार लवकर काढून घ्यायचा असतो.

वर्गात

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. बोलायची पाटी आणि खेळायचा टॅब्लेट एकच असेल तर मूल खेळाकडेच जाणार. आपणही गेलो असतो. शक्य असेल तर दोन वेगळी उपकरणे ठेवावीत. नाहीतर आयपॅडमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडमध्ये ॲप ‘पिन’ करण्याची सोय असते. ती चालू केली की बोलायच्या ॲपबाहेर जाता येत नाही. शिक्षा म्हणून पाटी काढून घेऊ नये. दंगा करणाऱ्या मुलाच्या तोंडाला आपण पट्टी बांधत नाही.

प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. शिक्षकाला हे सर्वांत कठीण जाते, कारण वर्गातली शांतता आपल्याला सोसवत नाही. मुलाला बटण शोधायला तेवढा वेळ लागतोच. पाटीवर ‘बाई, तुमचे चुकले’ आणि ‘तो मला चिडवतो’ असेही काही असू द्यावे. वर्गातल्या इतर मुलांना पाटी हाताळू द्यायला पालकांची हरकत नसेल तर द्यावी. ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, आणि त्यांनी एखादा खोडकर शब्द भरला तर तो बहुधा सर्वांत जास्त वापरला जातो.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेता येतो. त्यात स्वमग्नता ही २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे, आणि बोलण्याला पूरक व पर्यायी साधनांच्या वापराला शिक्षणात उत्तेजन देणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे कर्तव्य म्हणून १७ व्या कलमात नोंदले आहे. अर्ज करताना कलमाचा क्रमांक घातलेला बरा.

आणि टॅब्लेट येईपर्यंत, किंवा तो आल्यावरही, पहिल्या पडद्याची कागदी प्रत हवीच. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या शासनाने ‘आरासाक’ नावाचा चित्रसंग्रह विनामूल्य ठेवला आहे. त्यातली चित्रे छापून, टॅब्लेटवर आहेत त्याच जागी चिकटवून, वर प्लास्टिक चढवावे. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्या मुलाच्या दप्तरात अशी दोन पाने आहेत, आणि एक प्रत पंगतीच्या खोलीत, वाढणाऱ्या ताईंच्या मागच्या भिंतीवर, त्याच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर लावलेली आहे. तिच्यावरचा ‘नको’चा चौकोन बोटे लागून मळला आहे. ‘अजून’चाही मळू लागला आहे.